थेंब वाळेपर्यंत मारलेल्या गप्पा

तीर्थस्वरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण इथली जमीन इतकी तापली आहे की उभ्यानेच घालतो. पोचला असं समजा. तुमची कंबर कशी आहे? मुलींच्या परीक्षा संपल्या असतील. तुमच्या यजमानांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, चौकशी मी मुळीच करत नाही. (त्याचा खोकला थांबला का?) तीन वर्षांपूर्वी त्याने मला न विचारता बाबांची आरामखुर्ची कुणाला तरी देऊन टाकली, आणि मी दारात उभा राहून, शेजाऱ्यांनाही नीट ऐकू जावं अशा आवाजात, या घरच्या पाण्याचा थेंबही घेणार नाही असं म्हणून बाहेर पडलो. तेव्हा तुम्ही हातात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होतात. मला फार तहान लागली होती, हे आज पहिल्यांदा सांगतो.

पण पत्राचं कारण ते नव्हे. कारण आहेत मासे. मी ज्या मत्स्यशेतीवर राखणीला आहे तिथे खाऱ्या पाण्याची पाच तळी, पत्र्याची एक खोली आणि मी, एवढाच संसार. मालक आठवड्यातून एकदा येतात आणि गाडीची काच खाली करून बोलतात. उरलेले सहा दिवस मी माशांशी बोलतो. मासे चांगले ऐकून घेतात, दादासारखे मध्येच उठून जात नाहीत. (त्यांना जायला जागाच नाही, हा भाग वेगळा.) तर यंदा ऊन असं पडलं की तीन नंबरच्या तळ्यात हात घालावा तर आंघोळीला काढलेलं पाणी वाटावं. माशांनी खाणं सोडलं. मला वाटलं, रुसले. आपल्या घरात रुसलेल्याला आग्रह करकरून वाढतात (ती सवय तुम्हीच लावलीत), म्हणून मी दुप्पट खाद्य टाकलं. ते तळाशी कुजलं, पाणी बिघडलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडून हवा ओढू लागले. त्या दिवशी मालक गाडीतून खाली उतरले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे पाय पाहिले.

इथवर निभावलं. पण उन्हाने पाणी आटतं, मीठ मागेच राहतं, आणि उरलेलं पाणी जास्त खारट होत जातं. म्हणून रोज दुपारी खारटपणा मोजायचा असतो. त्याची एक छोट्या दुर्बिणीसारखी नळी असते. तिच्या काचेवर तळ्यातल्या पाण्याचा थेंब ठेवायचा, झाकण लावायचं आणि लगेच डोळा लावून आकडा वाचायचा. 'लगेच' हा शब्द मालकांनी खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. मंगळवारी मी थेंब ठेवला, आणि झाकण लावणार तेवढ्यात खाद्य विकणारा माणूस मोटारसायकलवरून आला. वहिनी, अकरा दिवस गाडीतल्या मालकांखेरीज माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. त्या बिचाऱ्याने गोणी कुठे ठेवू एवढंच विचारलं. मी जागा दाखवली, आणि मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुरू झाला तो बाबांच्या खुर्चीपर्यंत गेला. तिचं वेताचं विणकाम कसं होतं, डावा हात कसा डुगडुगायचा, सगळं. त्याने शेवटपर्यंत हेल्मेट काढलं नाही. (काढलं तर बसावं लागेल अशी भीती असावी.) तो गेल्यावर मी नळीला डोळा लावला. थेंब उन्हात निम्मा वाळून गेला होता हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आकडा भलताच वर गेलेला दिसला. मी विहिरीच्या गोड्या पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि संध्याकाळपर्यंत सोडूनच ठेवला. मासे एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले, अंगाचा रंग उतरला. बुधवारी सकाळी सतरा मासे गेलेले होते. एकेक बाहेर काढताना मी रडलो. मालकांना सांगितलं, घाम आहे.

मग माशांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सांगितलं की गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि माशाला नेमका तेव्हाच जास्त लागतो. त्यात बाहेरचं मीठ असं अचानक बदललं की शरीरातलं मीठ जागेवर ठेवायला त्याला दिवसरात्र राबावं लागतं. सगळी ताकद त्यातच जाते, खाण्यावर मन राहत नाही. मी विचारलं, असा किती दिवस तग धरतो? बाई म्हणाल्या, पुष्कळ दिवस, पण वाढत नाही. मग माझ्याकडे निरखून बघत, तुम्ही जेवता ना वेळेवर, असं विचारलं. (माझे शर्ट जरा ढगळ झाले आहेत, बाकी काही नाही.) पाणी बदलायचं ते थोडं थोडं, असं त्यांनी बजावलं. नवा मासा आणला तरी त्याच्या पिशवीत आपल्या तळ्याचं पाणी पेल्यापेल्याने मिसळायचं, त्याला सवय होऊ द्यायची, आणि मगच सोडायचा. आता तळ्यावर सावलीची जाळी आहे, हवेचं यंत्र दुपारभर चालतं, आणि कालपासून मासे खाऊ लागले आहेत.

मी इथे अगदी मजेत आहे. मुलींना आशीर्वाद. ज्याला माझा नमस्कार चालत नाही त्याला काही नाही.

तुमचा धाकटा दीर

ता. क. खुर्चीबद्दल खरं सांगायचं तर तिच्यात बसलं की माझीही पाठ धरायची. दिली ते बरंच झालं. हे दादाला सांगू नका.

आणखी ता. क. त्या घरचं पाणी घेणार नाही म्हणालो होतो ते त्या घरात. इथे घेण्याबद्दल काही बोललो नव्हतो. स्वयंपाकघरातल्या नळाचं एक मोठी बाटली भरून पाणी पाठवाल का? पहिल्या दिवशी माझ्या पाण्यात एक घोट मिसळीन, दुसऱ्या दिवशी दोन. बाटली संपेल तोवर मी घरी यायला तयार होईन. एकदम आलो तर मला झेपणार नाही. दादालाही नाही.

शेवटचं. बाटली टपालाने येणार नाही. कोणी आणावी हे मी सुचवत नाही, पण दादाला शनिवारी सुट्टी असते हे मला आठवतं. दुपारी आला तर मी तीन नंबरच्या तळ्यावर असेन, नळीला डोळा लावून. त्याला म्हणावं, आल्याआल्या हाक मारू नकोस, आधी मला आकडा वाचू दे. मग वाटेल तितका वेळ बोलू.