लिंबाखालची सुईआई

३ जून २०२५, मंगळवार

"गोळी लागली होती का?"

तात्यासाहेबांचा पहिला प्रश्न हा! पिशोरचे पुढारी. स्मारकाच्या दगडाला जागा त्यांच्याच शब्दावर मिळायची, म्हणून फोन कानाला लावून गुमान ऐकत बसले. म्हटलं, नाही लागली. "मग बॉम्ब?" तोही नाही. सिस्टर मुक्ता पांढरे एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीजवळच्या सैन्याच्या दवाखान्यात होती. सडलेल्या जखमेचं ड्रेसिंग करताना बोट कापलं. बाहेर जखमींची रांग, म्हणून बोटाला पट्टी गुंडाळून ही उभीच राहिली. सेप्टिक होऊन गेली. बावीस वर्षांची पोर! तिच्याबरोबरच्या सिस्टरनं हे मला नागपूरहून फोनवर सांगितलं होतं, रडत रडत.

तात्यासाहेब म्हणतात कसे — "बोट कापून? मॅडम, लोक हसतील हो."

हसू देत! मेल्यांना एकदा वॉर्डात रात्रपाळीला उभं केलं पाहिजे.

मी ऐंशी साली नर्सिंगच्या ट्रेनिंगला आले तेव्हा होस्टेलच्या जेवणघरात तिचा फोटो होता. खाली नाव, गाव, साल. पुढं भिंतीला रंग द्यायला काढला तो परत लागलाच नाही. कुणाला विचारलं तर "कोण मुक्ता?" तेव्हापासून डोक्यात आहे. तिच्या गावात तिच्या नावाचा एक दगड उभा राहावा — एवढंच. एवढंच म्हणते खरी, पण रिटायर झाल्यापासून त्यापायी चपला झिजल्या.

९ जून

पिशोरला जाऊन आले. मुकुंदवाडीहून रिक्षा, मग एसटी, मग पांढऱ्यांच्या वस्तीपर्यंत पायी. ऊन असं की टाळू पोळली.

मुक्ताची धाकटी बहीण सारजाबाई ओसरीत बसली होती. नवरा गेल्यापासून माहेरीच आहे, भाच्याकडं — रामेश्वरकडं. थोडी शेती, थोडी मेंढरं. सारजाबाई बोलायला तिखट. मला बघून म्हणाली, "आल्या का? बसा. दगडाचं काय झालं?" म्हटलं, होतंय. "हुतंय, हुतंय करता करता मीच जाईन, मंग दोन दगडं घ्या."

रामेश्वरची पोरगी ज्ञानेश्वरी पाणी घेऊन आली. बारावी झालीय, नर्सिंगची परीक्षा दिलीय — बापाला न विचारता! मार्क चांगले पडलेत. मला हळूच म्हणाली, "मॅडम, दादांना तुम्ही सांगा ना."

मला कुठं दम धरवतो! लगेच विषय काढला. रामेश्वर माणूस वाईट नाही. मान खाली घालून तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "एक धाडली हुती आमच्या घरानं. परत काय आलं? तार आली फकस्त. आता पुरं." कन्नड गावचं स्थळ बघून ठेवलंय म्हणे.

मी म्हटलं, अरे, तुझ्या आत्याचा आम्ही दगड बसवतोय, मान म्हणून! तर म्हणतो, "बसवा की. मी कुठं नाय म्हनलो? दगड बसवायला माझी ना नाय."

येताना एसटीत उभं राहून आले. पायांपेक्षा डोकं जास्त दुखतंय.

१७ जून

हर्सूलला पाथरवटाकडं. काळा दगड, झकास घडवलाय. पण अक्षरं! तात्यासाहेबांनी परस्पर फोन करून 'सौजन्य' म्हणून स्वतःचं नाव घालायला सांगितलंय — मुक्ताच्या नावापेक्षा मोठं! मी पाथरवटाला म्हटलं, छिन्नी खाली ठेव. तिथूनच तात्यासाहेबांना फोन लावला. "मॅडम, जागा आम्ही दिली ना?" जागा काय यांच्या आज्यानं विकत घेतली होती? गायरानाचा तुकडा तो!

शेवटी तडजोड. त्यांचं नाव दगडाच्या मागच्या बाजूला. तिथं वाचायला कुत्रंही येणार नाही.

२४ जून

दगड बसला. शाळेच्या फाटकाशी बसवायचं ठरलेलं, तर तिथं आता कमान होणार आहे म्हणे. म्हणून पांढऱ्यांच्या वस्तीच्या वाटेवर, मोठ्या लिंबाखाली. जागा तशी बरी आहे, सावली आहे. पण यांनी शब्द फिरवला तो फिरवलाच.

उद्‌घाटनाचे पाहुणे मुंबईहून यायचे आहेत. त्यांना वेळ होईपर्यंत दगड झाकून ठेवायचा. दीपमाला बरोबर होती — माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्या नर्सेसच्या मंडळाची सेक्रेटरी. तिच्या पिशवीत लाल खण होता, कुणीतरी ओटीत दिलेला. तोच गुंडाळला, वरून सुतळी. छान दिसत होतं. मीच म्हटलं छान दिसतंय!

२ जुलै

पाहुण्यांना वेळ नाही.

८ जुलै

पाहुण्यांना अजून वेळ नाही. त्यांच्या पीएला चौथ्यांदा सांगितलं की ही लढाईत वारलेली नर्स आहे. तर विचारतो, "मॅडम, जयंती आहे की पुण्यतिथी?" कपाळ माझं!

१२ जुलै, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहायलाही हात होईना.

ज्ञानेश्वरीचा फोन आला, "मॅडम, लवकर या, दगडाचं काहीतरीच झालंय." मला वाटलं कुणी फोडला. धावतपळत गेले. फोडला असता तर परवडलं असतं!

शेंदूर! वरपासून खालपर्यंत शेंदूर थापलेला. दोन चांदीचे डोळे चिकटवलेले. हळद, कुंकू, लिंबू, नारळाच्या शेंड्या, हिरव्या बांगड्या. मुक्ताचं नाव शेंदराखाली गडप, एक अक्षर दिसेना. मागचं तात्यासाहेबांचं नाव तेवढं स्वच्छ!

झालं काय, तर आखाड लागला. आखाडात बायका गावातल्या देव्यांना नैवेद्य घेऊन निघतात. वाटेत लिंबाखाली नवा दगड, त्याला लाल खण गुंडाळलेला. आता लिंबाखाली लाल खणातला दगड म्हणजे दुसरं काय असणार? एकीनं हळदकुंकू वाहिलं, दुसरीनं नारळ फोडला, आणि शुक्रवारपर्यंत देवी तयार! नावही पडलंय — सुईआई. वस्तीवरची नर्स होती एवढं लोकांना माहीत, त्याचं हे झालं. ताप आलेली पोरं आणतात तिथं! आरोग्य उपकेंद्र दोन शेतं ओलांडून आहे, आणि हे लोक दगडापुढं अंगारा लावतायत! कुणीतरी नारळाबरोबर सिरिंज वाहिलीय. नवी कोरी, पाकिटातली.

बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा घेतलेलं आमचं घर. आजोबांपासून दगडापुढं कुणी वाकलं नाही. आणि मी काय केलं? गावाला स्वखर्चानं देवी करून दिली!

दीपमालाला फोन केला. ती फिसकन हसली. फोन ठेवून दिला मी.

१५ जुलै

रॉकेल, घासणी, जुनी साडी घेऊन गेले होते. पहिला हात फिरवते तोच पाच-सहा बाया धावत आल्या. "ओ बाई! आईला हात लावायचा नाय!" मी म्हटलं, ही आई नाही, मुक्ता आहे, नर्स आहे, हिचं नाव आहे इथं खाली, वाचा! तर एक म्हातारी माझ्या हातातली घासणी काढून घेऊन म्हणते, "आसंल की नर्स. म्हनून तर गुण येतो."

रामेश्वर मध्ये पडला, मला बाजूला नेलं. त्याचाही सूर बदललाय. "मॅडम, असू द्या. लोक लांबनं यायला लागलेत. आमच्या घरची देवी हाय." म्हणजे आत्या नर्स होती तेव्हा तार, आणि देवी झाली तर घरची!

सारजाबाई एकटीच माझ्या बाजूनं. दगडाकडं फिरकतसुद्धा नाही. ओसरीत बसून डोळे पुसत होती. "देवीला कुनी मुक्ते म्हनून हाक मारतं का वं? मला भनीशी बोलायचं हुतं. आता तिथं उभं ऱ्हायचं तर डोक्यावर पदर घ्यावा लागतो."

तिचा हात धरून बसले बराच वेळ. फार वाईट वाटलं आज.

१९ जुलै

ज्ञानेश्वरीचा नंबर लागला! इथल्याच कॉलेजात, होस्टेलसकट! यादीत नाव आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

रामेश्वर म्हणतो, सुपारी पुढच्या रविवारी फुटायची आहे. शब्द दिलाय.

मी फोनवर ओरडले. ओरडायला नको होतं, पण ओरडले. "सकाळ-संध्याकाळ ज्या आत्यापुढं नारळ फोडतोस, ती कशानं मोठी झाली रे? लग्न करून?" तर शांतपणे म्हणाला, "मॅडम, देव निराळा, घर निराळं."

या माणसावर चिडावं तर त्याचा आवाजही कापत होता. घाबरलाय तो. पोरगी परत येणार नाही असं त्याच्या मनानं घेतलंय. पण त्याच्या भीतीपायी पोरीनं घरात बसायचं?

दगड कशासाठी बसवला मी? या एका पोरीला उपयोग होणार नसेल तर उखडून टाकावा तो!

२२ जुलै, मंगळवार

शेवटचं सांगून बघावं म्हणून गेले होते. आखाडाचा शेवटचा मंगळवार. लिंबाखाली ही गर्दी! ढोल, हलगी, धूप. माझं कोण ऐकणार? रामेश्वर पूजेला पुढं, डोक्याला फेटा. ज्ञानेश्वरी बायकांत, चेहरा रडून सुजलेला.

आणि सारजाबाई आली. कधी न फिरकणारी सारजाबाई! गर्दीतून सरळ दगडापुढं गेली. मला वाटलं आता शिव्या घालणार. तर तिचा पदर पडला, केस सुटले, अंग घुमायला लागलं. हलगी वाढली. बाया हात जोडून मागं सरल्या. "आई आली! आई आली!"

आवाज तिचा नव्हता. म्हणजे, होता तिचाच, पण मी कधी ऐकलेला नव्हता. "माझी पोर कुठंय?" ती रामेश्वरकडं वळली. "माझ्या दारात नारळ फोडता आन माझ्या पोरीला घरात कोंडता? तिच्या हातात सुई द्या! माझी सुई तिच्या हातात द्या! नायतर तुमचा येक निवद घ्यायची नाय मी!"

रामेश्वरनं पायांवर लोळण घेतली. "चुकलं आई. धाडतो. धाडतो पोरीला."

कन्नडचा सोयराही गर्दीत होता. तोही हात जोडून उभा! आईच्या शब्दापुढं कोण जाणार?

मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आयुष्यभर पोरींना शिकवलं — अंगात येणं वगैरे झूठ असतं, पेशंटला आधी दवाखान्यात आणा. आणि आज डोळ्यांदेखत त्याच झूठानं पोरीची वाट मोकळी केली. मला आनंद झाला. झाला म्हणजे काय, टाळ्या पिटाव्याशा वाटल्या! त्याची लाजही वाटते.

२५ जुलै

ज्ञानेश्वरीचा प्रवेश झाला. रामेश्वर स्वतः आला होता पेटी उचलून. होस्टेलच्या फाटकाशी मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या ध्यानात ऱ्हाऊ द्या हं पोरगी." मी म्हटलं, राहील.

दीपमाला आणि मी कॅन्टीनमध्ये चहा घेतला. पोट धरून हसलो. काय नाटक केलं म्हातारीनं! आम्ही अर्ज-विनंत्या करत बसलो, हिनं केस सोडले आणि काम फत्ते. दीपमाला म्हणते, मंडळाचं अध्यक्षपद तिलाच द्या.

पाहुण्यांच्या पीएचा फोन आला. पुढच्या महिन्यात वेळ आहे म्हणे. म्हटलं, उद्‌घाटन झालं, तसदी नको.

३ ऑगस्ट, रविवार

सारजाबाईला भेटून आले. पेढे नेले होते. हसत हसत विचारलं, "खरं सांगा हं, सारजाबाई. खरंच आलं होतं का अंगात?"

ती हसली नाही. पेढा तसाच हातात.

"मुक्ताला तरी कोन धाडत हुतं, बाई? बाप नाय म्हनून बसला हुता. मंग आमच्या आईच्या अंगात आलं. देव बोलला, पोरीला शिकायला घाला. मी ल्हान हुते, आईच्या मागं उभी हुते. समदं पाह्यलं."

मी म्हटलं, मग?

"मंग तार आली. त्याच्यानंतर मरस्तोवर आईच्या अंगात कधी आलं नाय."