सनाचा प्रश्न

मंगळवार, अजमान (यूएई)

आज शाळेत आम्हा शिक्षकांचं ट्रेनिंग झालं. मुलांमध्ये दहशतवादाकडे ओढा दिसला तर समुपदेशकाला कळवायचं. पटलं. मग अकरावीच्या तासाला सनाने विचारलं, "मॅम, चांगल्या घरातली मुलं अशा संघटनांत का जातात?" मी 'नंतर बोलू' म्हणून फळा पुसला.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर सहशिक्षिका लिसी म्हणाली, "रिपोर्ट कर दे, खलास. कल कुछ हुआ तो तेरा नाम आएगा."

पण नाव दिलं की तिच्या घरी चौकशी, व्हिसाची धास्ती. माझ्या मुलाने, वेदांतने, हेच विचारलं असतं तर मी कळवलं असतं? नाही. मग सनाचंच नाव का द्यायचं?

आणि खरंच, का जातात? मला तरी कुठे माहीत आहे. उद्या वर्गात तिच्याबरोबरच शोधू. विचारते आहे तोवर ती अजून विचार करते आहे; ती विचारायचीच थांबली, तर मात्र कळवीन.