वाकळीखाली

माय, तू गेलीस त्या दिवशी तू मला मारलंस. भर वैशाखात डाळमिलच्या गच्चीवर तूर वाळवताना तू कोसळलीस आणि दोघी बायांनी तुला धरून घरी आणलं. अंग तव्यासारखं, कातडी कोरडी, डोळ्यांत कुणाचीच ओळख नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आले, तर तू थोबाडात दिलीस. डाळीच्या चुनीत, त्या बारीक भुशात, माझं बोट धरून अक्षरं गिरवून घेणारा तोच हात. आत्याच्या दंडाला चावलीस, बापाला नाही नाही त्या शिव्या दिल्यास. "तापात बरळून राहिली," आत्या म्हणाली. "वाकळ टाका. घाम फुटला की उतरतंय." घाम फुटेना म्हणून तिनं दुसरी टाकली. मोठी माणसं चारी कडांवर बसली. तू आतून लाथा मारतेस, वाकळ उसळते. मग उसळायची थांबते, आणि आत्या म्हणते, "निजली बघा."

आता मी नर्स आहे. परवा दुपारी ड्यूटीवरून आले, तर आत्याच्या खोलीतून आरडाओरडा. तिचा मुलगा त्याच मिलमध्ये पोती उचलतो. त्याला घरी आणून टाकलेला, अंगावर दोन वाकळा, आणि तो सख्ख्या आईला आईवरून शिव्या देतोय. मी वाकळ ओढली. आत्यानं माझे केस धरले. "सोताची माय खाल्लीस, आता माझं लेकरू खातीस का गं?" मी तिला ढकललं, ती खाटेवर आदळली. त्याच्या ठोशानं माझा ओठ फुटला. दारातला शेजारी हसला, "प्यालाय त्यो. पडू द्या." मी ओरडले, "ऊन लागलंय, मरंल त्यो! पाय धरा, मोरीत घ्या!"

सदरा फाडला, बादलीवर बादली ओतली. गोळेवाल्याकडचा बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत दाबला. ओली साडी टाकून वर पंखा लावला. आत्या पन्ह्याचा पेला त्याच्या तोंडाला लावायला आली, तो मी हातानं उडवला. "शुद्ध न्हाई त्याला, छातीत जाईल!" काचा मोरीभर झाल्या. रुग्णवाहिका दारात येईपर्यंत मी पाणी थांबवलं नाही. माझं रक्त, त्याची लाळ, सगळं एकाच पाण्यात वाहत होतं.

तो वाचला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "माय, मी शिव्या दिल्या म्हणं?" आत्या म्हणाली, "लई. तुझ्या बापालाबी यायच्या न्हाईत अशा." दोघं हसली. मग बाहेरच्या बाकावर तिनं माझा हात धरला. "पोरी, खरं सांग. मंग तुझी माय... वाकळीनंच गेली का?"

बघितलं तेवढंच सांगायचं, जादा नाही, कमी नाही, हे तूच शिकवलेलं. मी वाकळ उसळताना बघितली होती. तरी म्हणाले, "न्हाई आत्या. तिला आणली तवाच उशीर झाला हुता."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही.

हे पत्र घडी करून तुझ्या लुगड्यात ठेवते आहे. शेवटी लिहिणार होते की आत्याला मी माफ केलं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. एवढ्यात दुसरं खोटं नको.