तुम्ही नेम मोडला नव्हता

अण्णा, काल आईला एकदाचं सगळं समजावून सांगितलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

तुमचं लिव्हर खराब झालंय हे कळलं, तेव्हा गावात त्याचा अर्थ एकच होता. मुनी महाराजांसमोर दारूला न शिवण्याचा नेम घेतलेला माणूस चोरून पितो म्हणे. तोंडावर कुणी बोललं नाही, पण बस्तीत भगवंतांच्या अभिषेकाला तुम्हाला बोलवेनासे झाले. एकदा जेवताना धाकटे काका म्हणाले, "दादा, खरं सांग, कवापास्नं घेतोस?" तुम्ही ताट सरकवून द्राक्षाच्या बागेत निघून गेलात. काकांचा मला अजून राग येतो.

आता मी मिरजेच्या लॅबमध्ये असते. रुग्णांच्या यकृताचे बारीक तुकडे रंगवून काचेवर बघायचे, हे माझं रोजचं काम. आईला पेशी कशी समजावणार? ओट्यावर द्राक्षाचा घड होता, तोच हातात घेतला. म्हटलं, दारूचा थेंब न घेताही यकृतात चरबी साठते. तुमच्यासारखा साखरेचा आजार असला, पोट सुटलं असलं की जास्तच. साठता साठता पेशी फुगते. काही पेशी गुमान मरतात, पण काही तशा जात नाहीत. त्या आपल्याच पापुद्र्याला भोकं पाडून फुटतात, आतलं सगळं सांडतं आणि आजूबाजूला सूज धरते. ती वर्षानुवर्षं राहिली की यकृत कडक होत जातं.

सांगताना मला आपली पॅकिंगची शेड आठवत होती. मी शाळकरी आहे, पेटी भरते आहे. तुम्ही माझ्या पेटीतला घड उचलता. "ह्यो फुटका मणी कुणी ठिवला? अगं बाई, ह्याचा रस शेजारच्यावर गेला की सगळी पेटी नासली." ओरडता, आणि मग कात्रीनं मणी कसा काढायचा ते दाखवताही.

"म्हंजे फुटका मणी," आई म्हणाली.

"व्हय."

"आन् दारू न पिता?"

"न पिता."

तिनं माझ्या हातातला घड घेऊन ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मी शेवटच्या दिशीबी त्यांच्या तोंडाचा वास घेतला गं. पाणी पाजायच्या निमतानं."

तुम्हाला ते कळलं होतं का, अण्णा? कळलं असेल तर तुम्ही का बोलला नाहीत? आज सकाळी आई एकटीच बस्तीत गेली आणि तुमच्या नावानं अभिषेक सांगून आली. काका तिथंच होते. त्यांच्यादेखत म्हणाली, "त्यांनी नेम मोडला नव्हता." मग घरी येऊन भात टाकला.

हे पत्र कपाटातच राहील. एक मात्र आईला सांगायचं धाडस झालेलं नाही. माझ्याही यकृतात चरबी निघाली आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, गोड सोडायला सांगितलं. दारू घेता का, असं मला कुणीही विचारलं नाही.