बोहनीचं पापलेट

प्रिय बकुळा,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना सप्रेम नमस्कार. जगदीशरावांनाही सांग. (रागावले असतील, तर चहा झाल्यावर सांग.)

त्यांनी घरी काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून मीच लिहिते. मंगळवारी ते शाळेचे विश्वस्त म्हणून माझ्या बालवर्गात आले, तेव्हा मुलं अक्षरं गिरवत नव्हती, बाजार-बाजार खेळत होती. कागदाचे मासे, बाटल्यांच्या बुचांचे पैसे, आणि माझी जुनी ओढणी अंथरून विकायला बसलेली पूर्वी नावाची चिमुरडी. ही वरळी कोळीवाड्याची. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. (गाणी, गोष्टी, लिमलेटच्या गोळ्या, सगळं करून झालं होतं.) जगदीशराव कौतुकाने वाकले, एक पापलेट उचललं, बोटाने दाबलं आणि म्हणाले, "काय गं, ताजं आहे ना?"

आणि बकुळा, पूर्वी बोलली.

"घ्यायचं नाय तर दाबतो कशाला? बोहनीच्या टायमाला कुठून आला हा फुकट्या. सरक, मागं गिऱ्हाईक हाय."

मागचं गिऱ्हाईक म्हणजे विनीत. तोही म्हणाला, "सरका ना काका." मला रडू आणि हसू एकदमच आलं. (त्यातलं हसूच जगदीशरावांना दिसलं, हे माझं नशीब.) ते तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. आता खेळाचा तास बंद, आणि मुलांना वळण लावलं नाही म्हणून मी लेखी माफीनामा द्यायचा.

मी देणार नाही. आपण दोघी कॉन्व्हेंटमध्ये तोंडावर बोट ठेवून मोठ्या झालो. सिस्टर प्रेमळ होत्या, अक्षर सुरेख झालं, नाही म्हणत नाही. पण हिशेब आणि भांडण तू शिकलीस ते गिरगावात, चाळीच्या गॅलरीत, सागरगोटे खेळताना. (तो शेवटचा सागरगोटा तू झेलला नव्हतास, हे मी आजही म्हणेन.) तोंडावरचं बोट काढायला मला केस पिकावे लागले. या पोरीने ते आत्ताच काढलंय, आणि मी तिला परत ठेव म्हणू? तास बंद झाल्यापासून मी रोज दुप्पट वेळ खेळवते. घरी पाठवलं, तर ओढणी घेऊन फाटकाबाहेर बसेन.

तुझीच,
शैला

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. रागाच्या भरात ते पापलेट जगदीशरावांनी खिशात घातलं. जाकीट धुवायला टाकण्याआधी बघ. निळ्या खडूने रंगवलेलं आहे, एक डोळा मोठा. पूर्वी रोज दुकान मांडते, पण विकत काही नाही. बोहनी त्यांच्या हातची राहिलीय म्हणते.

आणखी एक. पापलेट परत पाठवू नकोस. एक बूच देऊन त्यांनाच पाठव. माफी मी मागणार नाही, पण पूर्वी दोन बोंबील वर टाकणार आहे. फक्त दाबायचं नाही म्हणाली.