पायापासून वर

धंतोली, नागपूर

रुख्मा, मायले माहा नमस्कार, तुले आठवण.

गळ्याच्या ऑपरेशनमधी आवाज गेला, म्हणून फोन न करता लिहून राहिलो. जखम भरत आहे, काळजी नोको करू वं. माय जेवते ना?

हसशील, पण दवाखान्यात मी चित्रं काढून राहिलो. हातमाग सुटल्यावर हिंगण्याच्या कंपनीत मशीनच चालवली. हातात हे आहे, समजलंच नाही. बाजूचे पेशंट आपलं चित्र मागतात.

विणकराची सवय, धाग्यावर धागा चढवावा तसं पायापासून वर काढत जातो. चेहरा शेवटी येते. दोघांचे चेहरे काढायच्या आधीच ते गेले, खाटा रिकाम्या झाल्या.

काल डॉक्टरनं आपल्या भूपेशले बाहेर नेऊन काही सांगितलं. तेव्हापासून पोरगा माह्याकडे पाहत नाही.

रविवारी ये, समोर बस. तुहं चित्र चेहऱ्यापासून सुरू करतो.

तुहा शालिकराम