दोनशे सोळा पत्रं आणि एकच कुरकुर

धाकटे,

थोरलीचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे दोन्ही जागेवर आहेत, त्यांच्या बाजूनं एवढंच सांगता येईल. पत्र मी सांगतेय, आमचे नातजावई लिहून घेताहेत. (लिहा हो, थांबलात का? अजून तुमचं काही आलेलं नाही.)

मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून तर तू फोनमध्ये बोलायचीस, तुझी सून ते ईमेलला जोडून पाठवायची आणि मी दुपारी खिडकीपाशी बसून जुनं एखादं लावून घ्यायची. अशी दोनशे सोळा जमली होती. गेल्या महिन्यात मेलची पेटी भरली आणि तुझं नवं काही येईना. जावईबापू म्हणाले, "आजी, सगळं डेटाबेसमध्ये ठेवून देतो, शंभर वर्षं हलणार नाही." जावई माणूस, नाही कसं म्हणायचं? त्यातून त्यांचं पोटच त्या विद्येवर.

त्यांनी पत्रांचा एक तक्ता केला, जोडलेल्या आवाजांचा दुसरा, आणि कुठला आवाज कुठल्या पत्राचा हे कळायला मध्ये नंबरांची गाठ मारली. म्हणजे डबे एका फळीवर, झाकणं दुसऱ्या. इथवर माझंही डोकं चाललं. पण जागा वाचावी म्हणून नियम घातला, की एका नावाची फाइल एकदाच ठेवायची. पुन्हा आली तर जुनी पुसून नवी. आणि तुझ्या गुणी सुनेनं सात वर्षं प्रत्येक फाइलला एकच नाव दिलं, 'मावशींसाठी'. (तिला बोलू नकोस, प्रेमानंच दिलंय.) डबे दोनशे सोळा, झाकण एक! सगळं छान बसलं म्हणून जावईबापूंनी मेलची पेटी धुऊनपुसून लख्ख केली.

उरलं फक्त शेवटचं. ज्यात तू फोन बंद करायला विसरलीस आणि सुनेला म्हणालीस, "ताईला सगळं लांबलचक लागतं गं, दुसरा उद्योग काय आहे तिला?" आता तुझ्या ऑपरेशनचं पत्र काढलं तरी हेच, घर बदललंस ते काढलं तरी हेच. आठ दिवस बोलणी खातेय, तीही शिळी. नातीनं विचारलं, "अहो, दुसरी प्रत?" तर जावईबापू ती रिकामी पेटीच पुन्हा उघडून बघायला लागले. तेव्हापासून जेवणावरची वासनाच उडालीय त्यांची. जावयाला रागवायची सोय नाही, म्हणून त्यांच्या हातून तुला रागावतेय. (लिहिलंत ना? शहाणे.)

घरच्यांना माझी आठवण सांग. सहीच्या जागी अंगठा आहे, तो माझाच.

तुझी ताई

ता.क. सुनेला तिच्याकडच्या पाठवलेल्या मेल बघायला सांग. सगळी नकोत, तुझी बडबड तू पुन्हा करशीलच. ते एक हवंय, ज्यात तू दादाच्या मांडीवर चहा सांडतेस आणि तो हसत सुटतो. दादा गेला. त्याचा आवाज तेवढाच होता.

ता.क. जावईबापू विचारताहेत, या पत्राची प्रत डेटाबेसमध्ये ठेवू का? पत्र पोस्टानं येतंय.

ता.क. (हे नात लिहितेय, त्यांना चहाला पाठवलंय.) सुनेकडेही नसेल तर कुठे बोलू नकोस. लहानपणी दादाला चिडवायला तू हुबेहूब त्याच्यासारखी हसायचीस, तसं हसून पाठव. जावईबापूंना सांगेन, सापडलं म्हणून. चार घास खातील तरी. आणि मी काही ओळखणार नाही.